ब्रिजचं माप

देवळीच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या खोलीत गिटार ठेवू नये, हे मले कोणी सांगितलंच नाई. भर दुपारी खट्ट आवाज आला. जाऊन पाह्यते तं ब्रिज, म्हणजे खाली तारा अडकवायचं लाकूड, सरस वितळून उखडलेलं आणि तारांले लोंबकळून राह्यलेलं. चार दिवसांवर बुद्धपौर्णिमा. विहाराच्या पटांगणात मी पहिल्यांदा स्टेजवर वाजवणार होती, अन् तसं अख्ख्या वस्तीले सांगून बसली होती.

शेजारच्या सुतारकाकाकडं पळाली. काका दारं-खिडक्या करणारे, गिटार पहिल्यांदाच हातात धरलेली. "ठेवून जा," म्हणे. संध्याकाळी गेली तं गिटारीचं पोट पालिश पेपरनं असं घासलेलं का त्यात चेहरा दिसावा.

"जुना सरस पुरा काढला, पाह्य," काका खुशीत.

"काका, ब्रिज होता तिथली खूण कुठाय?"

"तो डाग? तोच तं काढला."

मले रडूच आलं. ब्रिज बोटभर इकडंतिकडं बसला का गिटार जन्मात सुरात लागत नाई. गावात दुसरी गिटार नाई, नेट कॅफे एकच अन् त्यात लाईन गेलेली.

मग एकदम डोक्यात आलं. तार बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या बाराव्या पट्टीवर, दाबली का मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात वाजते. म्हणजे बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मधात. मानेच्या टोकापासून तिथवर मोजायचं, दुप्पट करायचं, तिथं ब्रिज. झालं.

काकानं टेप काढला. त्याचं टोक कधीचं तुटलेलं, म्हणून काका नेहमी एकच्या आकड्यापासून मोजत अन् शेवटी एक इंच वजा करत. "पावणेचौदा. दुप्पट साडेसत्तावीस. एक गेला, साडेसव्वीस." पेन्सिलीनं रेघ मारून सरसाचा डबा उघडला पण.

मले ती रेघ फार खाली वाटून राह्यली होती. मी दोरा घेतला, टोकापासून बाराव्या फ्रेटपर्यंत तोडला, मग फ्रेटपासून रेघेपर्यंत लावून पाह्यला. इंचभर कमी पडला.

"ढिला धरला असशील वं."

ताणून धरला. तेवढाच कमी.

"काका, इंच आधी वजा करा, मग दुप्पट करा. पावणेतेरा दुणे साडेपंचवीस."

काकानं पेन्सिलीनं फळीवर हिशेब मांडून पाह्यला. मग हसले. "चाळीस वर्षं झाले, मापाची दुप्पट कधी केलीच नाई मी."

नवी रेघ मारली. तरी काकानं ब्रिज एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, खाली सरकवला.

"आता काऊन?"

"दाराले सूतभर जागा सोडतोच मी. हेही लाकूडच हाय ना."

मी लय भांडली. काकानं ऐकलं नाई. शिकंजा कसून दोन दिवस ठेवला.

पौर्णिमेच्या सकाळी तारा चढवल्या. मोकळी तार छेडली, मग बारावी फ्रेट दाबली. दोन्ही सूर असे मिळाले का मी तिथंच नाचली. रात्री स्टेजवर हार्मोनियमवाल्या दादानं विचारलं, "नवीन घेतली का?" पहिल्या रांगेतून काका ओरडले, "जुनीच हाय. माप पोरीचं हाय."

पुढं नागपूरच्या एका दुकानदारानं सांगितलं, दाबली का तार ताणल्या जाते अन् सूर जरासा चढते, म्हणून गिटार बनवणारे ब्रिज थोडा खालीच बसवतात. बसमधून उतरली अन् घरी न जाता सीधी काकाकडं गेली, सांगून टाकलं.

काकानं रंधा थांबवला नाई. "मंग? माप तुझं, सूत माझं."