फोनवरची मावशी

मी लिहावं असं माझ्याकडे फार काही नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि वकील झालो तोही आडवाटेने. त्यामुळे चुकलंमाकलं तर माफ करा.

स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलो. संधी संपल्या, पण करोल बागेतली खोली सुटेना. गावी काय तोंड दाखवणार? तेव्हा एका सॉलिसिटर फर्मला मराठी कागद इंग्रजीत करून देणारा माणूस हवा होता. महाराष्ट्रातून सुप्रीम कोर्टात येणाऱ्या केसचे जबाब, पंचनामे मी भाषांतरित करू लागलो. ते वाचतावाचताच कायदा शिकावासा वाटला आणि संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

मराठवाड्यातल्या एका पोराचा जामीनअर्ज फर्मने फुकट घेतला होता. गावातल्या मारामारीत एक जण मेला होता आणि त्या आरोपाखाली हा पोरगा, खटला सुरू व्हायची वाट बघत, तुरुंगात होता. केसमागे धावणारी त्याची आई. शाळेत खिचडी शिजवायची. अर्जाला प्रतिज्ञापत्र तिचंच होतं. प्रत्येक तारखेला संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि फर्मचा मुन्शी फोन माझ्यापुढे धरून म्हणायचा, "लो वकीलसाहब, आपकी मौसी."

"काय झालं रे पोरा?"

"पुढची तारीख पडली, मावशी."

"तू वकील झालास का?"

"अजून नाही."

"मग हो की लवकर. तुमच्या वकील मॅडमचं हिंदी मला कळत नाही, आणि माझं रडणं त्यांना."

मी हसायचो. ती मात्र हसायची नाही. "तो सुटलेला बघायचाय मला. बाकी काही नको," एवढंच म्हणायची.

मग तिचे फोन थांबले. मी लावला की सून, त्या पोराची बायको, उचलायची. आई झोपल्यात, आई देवळात गेल्यात. मला वाटलं, तारखांना कंटाळली असेल. माझी शेवटची परीक्षा होती, मीही खोदून विचारलं नाही.

मला सनद मिळाली. पहिल्यांदा गळ्यात वकिलाचा पांढरा बँड बांधून मॅडमच्या मागे उभा राहिलो, आणि त्याच दिवशी जामीन झाला. कोर्टाच्या बाहेर येऊन मी लगेच फोन लावला.

"वहिनी, मावशींना द्या. आज त्यांच्याशीच बोलायचंय."



"भाऊ, आई गेल्या. दिवाळीच्या आधीच."

"मग सांगितलं का नाही?"

"सासरे वारले तेव्हा तालुक्याला जमिनीची केस थांबली होती, वारसांची नावं लागेपर्यंत. इथं तर सगळ्या कागदांवर आईंचंच नाव. त्या गेल्या म्हटल्यावर तुम्ही केस सोडून द्याल, असं वाटलं. घरात ठरवलं, जामीन होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. तुरुंगात यांनाही कळवलं नाही. अग्नी आईंच्या पुतण्याने दिला."

जमिनीच्या केसची गोष्ट वेगळी असते. इथं अर्ज मावशीच्या मुलाचा होता, तो तिच्या जाण्याने थांबला नसता. उलट आईच्या अंत्यविधीसाठी कोर्ट मुलाला बहुधा काही दिवस सोडतं. तो अर्ज आम्ही त्याच दिवशी केला असता. हे वहिनीला सांगायचं की नाही, ते मला ठरवता येईना.

तिनेच विचारलं, "भाऊ, तुम्ही आता वकील झालात ना? तेव्हा सांगितलं असतं, तर यांना आईसाठी सोडलं असतं का हो?"