तुटक्या वायरीवरून आलेला फोन

आधीच सांगतो, करणी, उतारा, बाहेरची बाधा... यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरात कधी ताईतसुद्धा आला नाही. मी रफिक शेख, बॉयलर अटेंडंट. काटा किती प्रेशर दाखवतो, काचेत पाणी किती दिसतं — तेवढंच खरं मानणारा माणूस. तरी हे लिहितोय, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

घोडेगावहून सोनईकडे जाताना आमची पुठ्ठ्याची कंपनी लागते. नाव घेत नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. गावची शाळा, पाण्याची टाकी कंपनीनेच बांधली. घरटी एक माणूस तिथेच कामाला. त्यामुळे कंपनीविरुद्ध बोलायचं म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला उलट बोलल्यासारखं... आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

मला हे काम पोपटनानांनी शिकवलं. त्यांची उभी हयात बॉयलरवर गेली. शेवटी शेवटी ते एकच सांगायचे — "साहेब, नळ्या पातळ झाल्यात. बंद ठिवा, बदला." उत्तर ठरलेलं — "दिवाळीनंतर बघू." दिवाळी आली, गेली. एक दिवस नानांनी कुणाला न विचारता बॉयलर बंद केला. हातात मेमो पडला — 'वयोमानामुळे कामात हलगर्जी.' आणि बदली मागच्या यार्डात, रद्दीच्या ट्रकवर लक्ष ठेवायला! तिथे पत्र्याच्या केबिनमध्ये जुना इंटरकॉम होता. त्यावरून रोज दुपारी ते मला विचारायचे, "रफिक, आवाज कसा येतोय रं तिचा?" बॉयलरला ते 'ती' म्हणायचे.

सहा महिन्यांत नाना गेले. घरीच, झोपेत. पुढे यार्डातली केबिन पाडली. सगळ्यांकडे मोबाईल आले, इंटरकॉमच्या वायरी ओढून काढल्या. बॉयलर हाऊसमधला काळा फोन तेवढा भिंतीवर तसाच राहिला. कुणी काढला नाही म्हणून.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे साडेबारा. आम्ही चौघं होतो — मी, सुनील, दत्तू आणि एक कंत्राटी कामगार. सुनील फर्नेसच्या दारासमोर स्टुलावर डबा सोडून बसलेला. प्रेशर नॉर्मल, पाणी नॉर्मल. आणि तो फोन वाजला.

सुनीलने मान वर केली. "ह्यो चालू हाय व्हय अजून?"

मी उचलला.

"रफिक, पोरं भायेर काढ. आत्ता. इचारीत बसू नको."

नानांचा आवाज. खोकला दाबून बोलायची त्यांची लकब, तीसुद्धा तशीच. खरं सांगतो, मी घाबरलो नाही. नाना आता नाहीत हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. त्यांनी सांगितलं की करायचं, एवढंच अंगवळणी पडलेलं. कोळशाचा फीडर बंद केला आणि ओरडलो, "चला बाहेर! डबा राहू दे!"

कॅन्टीनपाशी पोचलो असू, तेवढ्यात आत फुटलं. पायाखालची जमीन हादरली. दारातून वाफ, पेटती राख... फर्नेसचं दार उडून सुनीलच्या स्टुलावर पडलं होतं. स्टुलाचं काय झालं ते लिहीत नाही. सुनीलला दोन लहान मुली आहेत.

मॅनेजर धावत आले. पहिला प्रश्न काय? — "ड्युटी सोडून बाहेर का आलात?" कुणाला लागलं का, हे नाही!

चौकशी बसली. "बाहेर पडायला कुणी सांगितलं?"

"नानांनी."

मॅनेजरसाहेब हसले. "शेख, तुला सुट्टीची गरज आहे."

इलेक्ट्रिशियनने सगळ्यांसमोर फोन भिंतीवरून उतरवला. मागे वीतभर वायर, तुटलेली. पुढे काहीच नाही. बेल सुनील आणि दत्तू दोघांनी ऐकली होती, तसं त्यांनी लिहूनही दिलं. आवाज मात्र फक्त मी ऐकला. रिपोर्टमध्ये आलं — 'कामगारांना भास झाला.' फुटलेल्या नळ्यांबद्दल एक ओळ नाही! माझा तोल सुटला. टेबलावर हात आपटून म्हणालो, "त्या भासामुळे चार माणसं जिवंत आहेत, साहेब. नळ्या बदला, नानांचा मेमो मागे घ्या, मगच बॉयलर पेटेल." सुनील, दत्तू माझ्या मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव गेटवर. कंपनीच्या इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

नळ्या बदलल्या. मेमो अजून फाईलमध्येच आहे.

तो फोन कसा वाजला? खूप डोकं चालवलं... दुसरी एखादी लाईन, कानाचा दोष... काहीच बसत नाही. शेवटी नानांच्या घरी गेलो, काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, रडतील. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"जित्ते हुते तवा त्यांचं एकानं आयकलं न्हाई," काकू म्हणाल्या. "अन् आता मेल्यावर बी त्यास्नीच ड्युटी लावली व्हय रं?"