फटकळ तोंडाचं गाराणं

"तिका गाराणा घालूक सांगू नको रे. फटकळ आसा ती. दर्याक काय बोलात, नेम नाय."

हे आबा काकांना म्हणाले, त्यांचे चुलतभाऊ. काकी दोन हातांवर उभी होती, हातात नारळ. ऐकू न येणं शक्य नव्हतं.

नारळी पौर्णिमा होती. तारकर्लीच्या किनाऱ्यावर आमची होडी रंगवून उभी. समुद्राला नारळ देण्याआधी गाराणं घालायचं असतं. एकाने मागणं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दरवर्षी काका घालायचे. पण आदल्या दिवशीच मालवणात त्यांची दाढ काढली होती. गाल टम्म, तोंडात कापूस. त्यांनी बोट दाखवलं ते सरळ बायकोकडे.

मी बारावीनंतर काकांकडे राहायला आलेली, कोल्हापूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. आल्या आल्या काकीबद्दल 'फटकळ' हाच शब्द ऐकला होता, म्हणून कोश काढून पाहिला. त्यात अर्थ दिला होता, उद्धट. मला तो पटला नाही. उद्धट माणूस समोरच्याला कमी लेखतो. काकी कोणालाच कमी लेखत नसे, सगळ्यांना सारखंच झोडपायची. शब्द आला कुठून, म्हणून आबांना विचारलं. ते म्हणाले, "दाराक फट आसली की वारो भितर येता, तसा तिचा. तोंडाक फट आसा." काकीला विचारलं तर तिने टोपलीतला बांगडा उचलून पाटावर आपटला. "आयकलंस? फट्ट. ताजो आसलो की असोच आवाज येता. शिळो मासो गप पडता."

मी त्या हिशोबाने शिळीच. मालवणी सगळी समजायची, पण माझ्या तोंडून निघाली की वक्तृत्व स्पर्धेसारखी वाटायची. एकदा मासळी बाजारात "माका सुरमई होयी" म्हटलं तर विकणारीने शेजारणीला बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून मी मान हलवून काम भागवत होते.

काकीने पदर खोचला.

"बा दर्या म्हाराजा, ह्यांची दाढ काढली, म्हणान आज मी बोलतंय."

"व्हय म्हाराजा," खलाशी म्हणाले. जरा बिचकतच.

"गेल्या वर्सा पण तुका नारळ दिलो हुतो. तो तू खाल्लंस, वर जाळा पण खाल्लंस."

दोघंच म्हणाले. आबांनी घसा खाकरला.

"होडयेचा मशीन बंद पडला, तेव्हा ह्यांका तारकर्लीक येवचा हुता. तू थय लांब रेडीक नेऊन सोडलंस. तुका काय गावांची नावा म्हायत नाय?"

एक खलाशी हसू दाबायला खाली वाकून पायाची वाळू झटकू लागला. बाकीचे आबांकडे बघत होते आणि आबा आभाळाकडे. काका कापसातून "ऊं" म्हणाले, पण तो होकार धरायचा की दाढ, कोणालाच कळेना.

काकी थांबली नाही. फक्त आवाज खाली आला.

"मासळी दी, नाय तर नको दी. नारळ परत मागूचंय नाय. पण सकाळी गेलेली माणसा सांजेक ह्याच वाळयेर उतरव. गेल्या वर्सासारखा माका हय उभा करू नको रे म्हाराजा."

तिने नारळ पुढे धरला आणि वाट पाहिली. "व्हय म्हाराजा" आल्याशिवाय गाराणं पुरं होत नाही. गाराणं अर्धं राहिलं तर नारळ सोडता येत नाही, आणि नारळ सुटला नाही तर सकाळी एकही खलाशी होडीत पाय ठेवणार नव्हता. लाट आली, काकीच्या पायावरून परत गेली. मी तिला कधी गप्प उभी पाहिली नव्हती.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आबांनी वळून बघितलं, तोवर मी बोलून गेले होते, अगदी शाळेतल्या प्रार्थनेच्या खणखणीत आवाजात:

"व्हय म्हाराजा."