आश्रित, नवरा

आरोग्य हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे. कामगार विम्याच्या दवाखान्यात हे भिंतभर रंगवलंय. त्याखाली बसलेल्या बाबूने माझं कार्ड परत सरकवलं.

"कारखाना बंद, कार्ड बंद."

"आणि ब्लडप्रेशर?" मी विचारलं.

यंत्रमागावर उभं राहून कान गेलेत. हळू बोलता येत नाही. अख्खी रांग वळली.

"बेकार झालात ना काका? काम शोधा की. फुकटच्या गोळ्या काय मागता?"

फुकटच्या. विम्यासाठी वर्षानुवर्षं पगार कापून घेतलाय, हे सांगायचं होतं. 'बेकार' ऐकलं आणि मान खाली गेली. मी त्याला सॉरी म्हणालो. सॉरी!

टॉवेलचा कारखाना बंद झाल्यापासून डोकं ठणकायचं. झोप नव्हती. बायको विड्या वळते. विडी कामगारांचा दवाखाना वेगळा, आणि तिचं कार्ड चालू.

"चला की वो, नवऱ्याला चालतंय त्याच्यावर," ती म्हणाली.

गेलो. तिथं सगळ्या बायका. एकीने बायकोला विचारलं, "काय गं, आज मालकाला फिरवायला आणलंस व्हय?" सगळ्या हसल्या.

"पेशंट कोण?" केसपेपरवाल्याने विचारलं.

माझं नाव सांगितलं असतं, तर पुढे 'आश्रित, नवरा' असं लिहिलं गेलं असतं. माणसाची किंमत कामावरून करू नका, असं भाषण मी कारखान्याच्या गेटवर ठोकलेलं. टाळ्याही पडल्या होत्या. मी बायकोकडे बोट दाखवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचं नाव सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टा तिच्या दंडाला बांधला. हवा सोडली, पुन्हा भरली.

"बाई, चक्कर कधीपासून येते?"

"लई दिवस झाले. आली की भिंतीला टेकते. मग परत वळायला घेते."

तिचं ब्लडप्रेशर माझ्याहून जास्त निघालं. घरात मी दिवसभर माझी लाज सांभाळत बसलेलो; शेजारी ती चक्कर येऊन टेकते, हे दिसलं नव्हतं. तिला गोळ्या मिळाल्या. मला नाही. मी पेशंटच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्या बाबूसमोर उभा राहिलो. मान वर.

"मी बेकार आहे. विमा भरलाय. गोळ्या देणार नसाल, तर तसं लेखी द्या."

"उद्या या."

आता रोज जातो. लेखी घेतल्याशिवाय हटणार नाही. तो कागद घेऊन वरच्या साहेबाकडे जाईन, मग त्याच्याही वरच्याकडे. मोठ्याने बोलेन. मला दुसरं जमतच नाही.

काल कळलं, लेखी नकारासाठी वेगळा अर्ज असतो. त्याला चालू कार्डाची झेरॉक्स जोडावी लागते.