पल्लवीचा दुसरा फ्री थ्रो

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी जन्मभर उठवून लावलं. मी चौथी पास, पण डोकं शाबूत आहे. तरी धुळ्यात जे झालं ते लिहितो... हसायचं त्यानं हसावं.

जळगावच्या एका कॉलेजात मी पस्तीस वर्षं मैदानं आखली. चुन्याची फक्की आणि मापाच्या गाठी मारलेली नायलॉनची दोरी – टेप कधी लागली नाही. नात पल्लवी बास्केटबॉल खेळते. पिंप्राळ्यात घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर तिला खांब रोवून रिंग लावून दिली, फ्री थ्रोची रेघ त्याच दोरीनं आखली. एक दिवस म्हणाली, "आबा, ही रेघ लांब वाटते. कॉलेजात माझा बॉल जास्त जातो."

"मना हातनी रेघ चुकत नही. तुना हात चुकत व्हई."

"मग टेप लावून बघा ना."

टेप? मला? त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र रोज त्याच रेघेवरून फेकायची. सून म्हणाली, "तुमचं मन मोडवत नाही तिला."

आंतरकॉलेज स्पर्धेची फायनल धुळ्याला होती. ती गेली त्या सकाळी मी सुताराची टेप आणून गुपचूप मापलं. रेघ फूटभर लांब! रिटायर झाल्यापासून सून त्या दोरीवर ओल्या गोधड्या वाळत घालायची... रेघ आखायच्या आधीच दोरी ताणली गेली होती.

तशीच एसटी धरली. हॉलच्या दारात पल्लवी दिसली, पण चूक कबूल करवेना. मागच्या मागं फिरलो, वरच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

शेवटचे दोन-तीन सेकंद राहिलेले, बरोबरी, पल्लवीला दोन फ्री थ्रो. पहिला रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर. मी मनात म्हणालो – मनातच – 'फूटभर मांगे सरक बेटा, चूक मनीच शे.'

ती थबकली. बाजूला वळून पाहिलं. मग फूटभर मागे सरकली आणि फेकला. बॉल सरळ जाळीतून खाली.

सामना संपल्यावर मला वर पाहून ती धावत आली. "आबा, खाली कधी आला होतात तुम्ही? कानाजवळ बोललात, वळून बघते तर कोणी नाही."

"काय बोललो?"

तिनं तेच शब्द सांगितले. अहिराणीत, जसेच्या तसे, 'चूक माझीच आहे' हेसुद्धा.

शेजारी बसलेला धुळ्याचा माणूस म्हणाला, "नही वं माय, आबा जागावरतून हालनात बी नही. तोंडसुद्धा उघडं नही त्यासनी."

पल्लवी माझ्याकडे वळली. "पण म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो," मी म्हटलं. आणि तेच वाक्य तिच्यासमोर मोठ्यानं म्हणालो.

कॉलेजातले सर म्हणतात, भास असतो. असेल. पण भासाला माझे शब्द कुठून ठाऊक? जन्मात कबूल केलेली माझी ती पहिली चूक, आणि ती माझ्याआधी तिच्यापर्यंत पोचली होती. कशी, ते मला आजही सांगता येत नाही.