डायलॉग नसलेली हाक

दुपारच्या खेळाला थिएटर जवळजवळ रिकामंच होतं. सिनेमा आमच्याच गावातल्या मुलांनी उसन्या कॅमेऱ्यावर केलेला. एका लहान मुलीला पळवून अडगळीच्या खोलीत कोंडतात, एवढीच गोष्ट. खलनायकाची मिशी मध्येच सुटायची आणि लोक हसायचे. ती पडद्यावरची मुलगी, ईश्वरी, माझ्या पुढच्याच रांगेत आईशेजारी पॉपकॉर्न खात बसली होती.

मग पडद्यावर दार बंद झालं. अंधारात ईश्वरी दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "आई! आई, दार उघड!"

हसणं थांबलं. पडद्यावरचं दार आपल्याला उघडता येत नाही. आपण खुर्चीचे हात धरून बसतो आणि हे सगळं खोटं आहे, असं मनाला बजावत राहतो.

"किती खरं वाटतंय गं," तिची आई हळूच म्हणाली. "शूटिंगच्या वेळी मला तर त्या मुलांनी खाली अंगणात बसवलं होतं."

"खरंच होतं ते. कडी अडकली होती. मी खूप घाबरले होते."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

"मारली की. सगळ्यांना वाटलं, डायलॉगच आहे. नंतर सगळे टाळ्या वाजवायला लागले, मग मी सांगितलंच नाही."

पडद्यावर हाका चालूच होत्या. आईने तिला ओढून मांडीवर घेतलं आणि घट्ट आवळून धरलं.

"आई, सोड ना," ईश्वरी कुजबुजली. "आता पोलीस येतात."

पोलीस आले, दार उघडलं, दिवे लागले. आईने तिला सोडलं नव्हतं.