दोराचं दुसरं टोक

वडूजच्या स्टँडवर सामान मीच लावलं. ट्रंक खाली, भांड्यांचं पोतं तिच्यावर, भाकरीचं गाठोडं हाताशी. आई खिडकीपाशी बसली. वडिलांसाठी, आबांसाठी, मी पिशवी ठेवून जागा धरली होती. एसटी हलली तरी ते खालीच उभे. पिशवी मांडीवर घ्यावी लागली.

दुष्काळाचं वर्ष. टँकरचं पाणी गावच्या विहिरीत सोडत. तिला आमचा हात चालत नसे. हौसाआक्का, मुलगा फौजेत असलेली एकटी म्हातारी, तेवढी आमच्या घागरीत वरून ओतायची. तिचा बैल दारातच मेला. बौद्ध झाल्यापासून आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं, आणि गावातलं दुसरं कोणी हात लावेना.

"बुद्ध झाल्यापासनं हात लय मऊ झालं व्हय रं?" चावडीवरून एकानं आबांना हटकलं.

"मऊ न्हाई गड्या, मोकळं झालं."

दुसऱ्या दिवशी आक्का वस्तीत आबांकडे आली. "धोंडिबा, वासानं घरात बसवंना रं."

आमची तरुण पोरं नाहीच म्हणाली. आबांनी मात्र दोर काढला. "आक्का, एक टोक तुमच्या भावकीनं धरावं, एक आमी धरतो. शेजारी म्हणून वढू, गावकी म्हणून न्हाई."

भावकी आली नाही. शेवटी आक्कानंच पदर खोचून दुसरं टोक धरलं.

त्या दिवसापासून विहिरीवर तिचीही घागर चालेना. आमची माणसं त्रिशरण म्हणत कचेरीसमोर बसली. कुणाला वाकडा शब्द नाही. साहेब "बघतो" म्हणाले. बघणं काही झालं नाही. माधवनगरच्या गिरणीत मामानं काम पाहिलं होतं, म्हणून आम्ही निघालो. आबा म्हणाले, "नदीतल्या झिऱ्याचं पानी आक्काला कोन आनंल?"

इथं नळ आहे. शिफ्ट, रेशन, मुलांच्या फिया, सगळं मी वेळेवर उरकते. आबांना आणणं तेवढं जमलं नाही. त्यांच्यासाठी खाट घेतली. आक्का वारली तेव्हा खांदा द्यायला भावकी आली, आबांना लांब उभं केलं. त्यानंतर तरी चला, म्हटलं. "विहीर आपल्याला अजून बंदच हाय न्हवं," एवढंच बोलले. पुढं तिथंच वारले.

गावात मागं राहिलेल्यांनो, तुमच्यातलाच, आक्काच्या भावकीतला एकजण परवा गिरणीत काम शोधत आला. घरी आणून पाणी दिलं, घटाघट प्याला. कोपऱ्यातल्या खाटेकडं बघून म्हणाला, "कुनाची वं ही?"

"आमच्या आबांची," मी म्हणाले, आणि चादर सरळ केली.